रुग्णाचा खुबा आणि विमा कंपन्यांचा नफा

विमा क्षेत्राचे दरवाजे परकीय भांडवलाला सताड उघडताना भारतातील राज्यकर्ते आणि त्यांची भांडवलदारी वृत्तपत्रे ज्या अमेरिकन नमुन्याचे गोडवे गातात, तो नमुना प्रत्यक्षात कसा चालतो हे कष्टकरी जनतेने नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत वैद्यकशास्त्राची कमतरता नाही, निष्णात शल्यविशारदांची नाही, सुसज्ज रुग्णालयांचीही नाही. तरीही तेथील सर्वसामान्य रुग्णाला रोगाशी झुंजण्यापूर्वी विमा कंपनीशी झुंजावे लागते. खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे.

मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या उखळीत फिरतो, ती उखळी काही जणांच्या बाबतीत जन्मापासूनच उथळ असते. बालपणी हा दोष ध्यानात आला नाही, तर विशी-तिशीतच चालताना वेदना सुरू होतात आणि सांधा अकाली झिजतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे राइनहोल्ट गांझ यांनी १९८४ साली यावर एक शस्त्रक्रिया प्रथम केली. उखळीभोवतीचे हाड छेदून ती सुटी करायची, योग्य कोनात फिरवायची आणि स्क्रूंनी पक्की करायची, असे तिचे स्वरूप आहे. रुग्णाचा स्वतःचा सांधा त्यामुळे कित्येक वर्षे टिकू शकतो. परंतु मोठ्या रक्तवाहिन्या व नसा अगदी लगत असल्याने हे काम सोपे नाही. ज्याने याचे खास शिक्षण घेतले आहे आणि जो ही शस्त्रक्रिया सातत्याने करतो, अशाच शल्यविशारदाकडे ती सोपवावी लागते.

आणि नेमकी येथेच विमा कंपनी आडवी येते.

नकाराची तीन ठरीव उत्तरे

कंपनीने काही डॉक्टरांशी व रुग्णालयांशी दरांचे करार केलेले असतात. रुग्णाने त्या यादीतील डॉक्टरकडेच जावे, असा दंडक असतो. खुब्याच्या विशेषज्ञाकडे जाण्याची परवानगी मागितली की पहिले उत्तर येते : “आमच्या यादीत अस्थिरोगतज्ज्ञ उपलब्ध आहे.” तो अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्याचा असो वा मनगटाचा, त्याने ही शस्त्रक्रिया उभ्या जन्मात केलेली नसो, कंपनीच्या लेखी तो तज्ज्ञच! दुसरे उत्तर असते : “ही शस्त्रक्रिया प्रायोगिक आहे.” तिसरे उत्तर त्याहून कोरडे : “वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही.” ज्या रुग्णाला जिना चढता येत नाही, त्याच्या बाबतीत ‘आवश्यक’ कशाला म्हणायचे हे त्याला कधीही न तपासलेला कंपनीचा पगारी डॉक्टर ठरवतो.

‘प्रायोगिक’ या शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. खुब्याचा माथा कापून न टाकता त्यावर धातूचे आवरण बसवण्याची बर्मिंगहॅम पद्धत ब्रिटनमध्ये १९९७ पासून वापरात होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली ती मे २००६ मध्ये. त्याआधीच्या काळात ज्यांना ती हवी होती असे अमेरिकन रुग्ण चेन्नईला येत, स्वतःच्या खिशातून पैसे भरत आणि चालत मायदेशी परतत. वर्षानुवर्षे विम्याचे हप्ते भरणाऱ्या माणसाला अखेर सातासमुद्रापार जाऊन रोख पैसे मोजावे लागतात, तर त्या हप्त्यांच्या मोबदल्यात त्याला मिळते तरी काय?

कायदा कोणाच्या बाजूचा?

अन्याय झाला तर न्यायालय आहे, असे भांडवलशाहीचे समर्थक सांगतील. वस्तुस्थिती काय आहे?

२ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या रक्षणासाठी म्हणून एक कायदा स्वाक्षरीनिशी अमलात आणला. तो दिवस अमेरिकेचा कामगार दिन होता! मालकामार्फत मिळणारा आरोग्य विमाही या कायद्याच्या कक्षेत आला. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली असा निर्णय दिला की, अशा योजनेत लाभ नाकारताना विमा कंपनीने लबाडी केली, तरी राज्यांच्या कायद्यांखाली तिच्याकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही. खाजगी मालकांमार्फत विमा मिळणाऱ्या बहुसंख्य कामगारांना हे बंधन लागू आहे. फार तर नाकारलेल्या उपचाराची किंमत पदरात पडेल. नकारामुळे सांधा कायमचा गेला, नोकरी गेली, संसार उघड्यावर आला, तरी त्याची भरपाई नाही. २००४ साली टेक्सासमधील प्रकरणांत याच सूत्राची पुनरुक्ती झाली. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात आणखी राहू न दिल्यामुळे गुंतागुंत झालेल्या एका महिलेची भरपाईची मागणी न्यायालयाने एकमताने अमान्य केली.

या तरतुदीचा आर्थिक अर्थ उघड आहे. चोराला पकडल्यावर केवळ चोरलेली रक्कमच परत करायची असेल, तर चोरी हा बिनधोक धंदा ठरतो.

तरीही रुग्णांनी लढे दिले आणि काही जिंकलेही. इलिनॉय राज्यातील एका महिलेच्या खांद्याचे दुखणे तिच्या डॉक्टरांच्या मते यादीबाहेरील विशेषज्ञाच्या शस्त्रक्रियेनेच बरे होणार होते. कंपनीने यादीतल्या डॉक्टरकडून नेहमीची शस्त्रक्रिया करून घेण्याचा आग्रह धरला. त्या महिलेने सुमारे ९५ हजार डॉलर स्वतः भरून शस्त्रक्रिया करून घेतली आणि राज्याच्या कायद्यानुसार स्वतंत्र डॉक्टरकडून फेरतपासणीची मागणी केली. त्या डॉक्टरने तिच्या बाजूने कौल दिला, तरी कंपनी नमली नाही. अखेर जून २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१० च्या आरोग्य कायद्याने कंपनीबाहेरील फेरतपासणीचा हक्क देशभर विस्तारला. एका मताच्या फरकाने वाचलेला हा हक्क कोणा कंपनीच्या औदार्यातून आलेला नाही, हे विसरता कामा नये.

गप्प बसणाऱ्यांवर पोसलेला धंदा

कंपन्यांचा सारा हिशेब रुग्णाच्या थकव्यावर आधारलेला आहे. केंद्र सरकारच्या विमा बाजारपेठेतील २०२३ च्या आकडेवारीनुसार यादीतीलच डॉक्टरांच्या सेवेचे सुमारे १९ टक्के दावे नाकारले गेले. त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी नकारांविरुद्ध अपील झाले. ज्यांनी अपील केले त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांच्या बाबतीत कंपनीला स्वतःचाच निर्णय फिरवावा लागला. याचा अर्थ स्पष्ट आहे : नकार टिकतो तो त्यात तथ्य असते म्हणून नव्हे, तर आजारी माणूस दमतो म्हणून.

आणि हे नकार देतो कोण? ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२३ साली उघडकीस आणले की, सिग्ना या कंपनीच्या डॉक्टरांनी २०२२ मधील दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक दावे नाकारले आणि प्रत्येक दाव्याला सरासरी १.२ सेकंद दिले. कंपनीने हे आरोप नाकारले. परंतु १.२ सेकंदात क्ष-किरणाचे छायाचित्र पाहणे तर सोडाच, रुग्णाचे नावही धड वाचून होत नाही. वृद्धांच्या सरकारी विम्याचा कारभार खाजगी कंपन्यांकडे सोपवल्यावर काय झाले, तेही सरकारच्याच महानिरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे : पूर्वपरवानगीच्या तपासलेल्या नकारांपैकी १३ टक्के प्रकरणे सरकारी नियमांनुसार मंजूर व्हायला हवी होती.

‘अनावश्यक शस्त्रक्रिया रोखतो’ ही मखलाशी

यावर कंपन्यांची एक मखलाशी ठरलेली आहे. डॉक्टर पैशासाठी नको त्या शस्त्रक्रिया करतात आणि आम्ही त्यांना आवर घालतो, असे त्या म्हणतात. नको त्या शस्त्रक्रिया होतात, यात शंका नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या रुग्णालयांत दुसरे काय होणार? परंतु एका नफेखोराला आवर घालण्याचे काम दुसऱ्या नफेखोराकडे सोपवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

खुब्याच्याच इतिहासात याचा पुरावा आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या उपकंपनीचा ‘एएसआर’ हा धातूचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावा लागला. तोवर तो सुमारे ९३ हजार रुग्णांच्या शरीरात बसवला गेला होता. त्यात भारतातील रुग्णही होते. मुंबईत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली आणि २०१८ साली केंद्र सरकारला ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरवावे लागले. हा सांधा सदोष आहे हा इशारा आधी कोणी दिला? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीने, म्हणजे सार्वजनिक हितासाठी सर्व शस्त्रक्रियांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेने! त्या देशात तो २००९ मध्येच मागे घेतला गेला. रुग्णाचे रक्षण अशा सार्वजनिक ज्ञानाने होते.

इतकेच नव्हे, तर आधुनिक खुबारोपणाचा जन्मच सार्वजनिक रुग्णालयात झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत सिद्धीस नेली. आज त्याच आरोग्य सेवेत खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लांबलचक रांगा आहेत, हेही खरे. पण त्या वर्षानुवर्षांच्या आर्थिक काटछाटीने लांबवल्या आहेत. निधी वाढवून रांग आखूड करता येते, नफ्याची भूक मात्र निधी वाढवून भागत नाही.

विमा : मालकाच्या हातातील लगाम

आरोग्य विमा नोकरीला बांधला की तो मालकाच्या हातातील लगाम बनतो. सप्टेंबर २०१९ मध्ये जनरल मोटर्सच्या सुमारे ४८ हजार कामगारांनी संप पुकारताच कंपनीने त्यांच्या आरोग्य विम्याचा खर्च बंद केला. ज्याच्या पत्नीची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्या कामगाराने संपावर जायचे की नाही? जनतेच्या संतापामुळे काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली, पण मालकवर्गाचा हेतू जगाने पाहिला.

४ डिसेंबर २०२४ रोजी एका बड्या आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हत्या झाली, तेव्हा असंख्य अमेरिकनांनी हळहळीऐवजी आपापल्या नकारपत्रांच्या कहाण्या सांगितल्या. त्या संतापाची मुळे खरी आहेत, परंतु तो मार्ग चुकीचा आहे. एका व्यक्तीला ठार मारल्याने तिच्या खुर्चीत दुसरी व्यक्ती येते आणि नकारपत्रे निघतच राहतात. कामगार चळवळीने व्यक्तिगत हिंसेचा मार्ग नेहमीच त्याज्य मानला आहे, कारण तो जनतेला कृतीऐवजी बघ्याची भूमिका देतो.

भारतापुढील धोका

१९७२ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या कायद्याने ते उलटवण्यास प्रारंभ झाला. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९ टक्के आणि २०२१ साली ७४ टक्के झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालापासून विमा कर्मचाऱ्यांच्या संघटना देत आलेला इशारा आता घरोघरी अनुभवास येत आहे. ‘आजार विमा घेण्यापूर्वीचा’, ‘सांधेरोपणासाठी प्रतीक्षाकाळ अपुरा’, ‘खर्च वाजवी व रूढ नाही’, ही नकाराची भाषा अमेरिकेतील त्या तीन उत्तरांचीच भावंडे आहेत.

म्हणून लढा दोन पातळ्यांवर दिला पाहिजे. नकारपत्र आले की कोणीही गप्प बसू नये. नकाराचे कारण व पॉलिसीतील नेमके कलम लेखी मागावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सविस्तर पत्र जोडून कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची दखल घेतली जाते. कामगार संघटनांनी आपापल्या कचेऱ्यांतून हे अर्ज लिहून देण्याचे काम हाती घ्यावे, कारण एकटा आजारी माणूस दमतो, संघटना दमत नाही.

परंतु अर्जांनी हा प्रश्न सुटणार नाही. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कामगार राज्य विमा योजना सक्षम करणे, तिच्या रुग्णालयांतील विशेषज्ञांच्या रिकाम्या जागा भरणे, देशातील प्रत्येक सांधेरोपणाची सक्तीची सार्वजनिक नोंद ठेवणे आणि आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क म्हणून सरकारी तिजोरीतून पुरवणे, या मागण्या प्रत्येक कामगार व शेतकरी सभेच्या ठरावात आल्या पाहिजेत. सरकारी रुग्णालये ओस पाडून जनतेला विम्याच्या दारात उभे करण्याचे धोरण संघटित शक्तीनेच परतवून लावता येईल.