अठाई म्हणजे डाएट नव्हे



पारणं झालं की पहिला प्रश्न, "किती किलो उतरलं?" अनुमोदना राहिली बाजूला!

मी कॉमर्सवाली, हिशेबच मांडते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोजचा खर्च १,८०० धरला, तर आठ उपवासांत दोन किलोही चरबी जात नाही. काटा चार किलो दाखवतो, त्यात बरंचसं पाणी. जेवण सुरू झालं की ते परत येणारच. मग "तप फुकट गेलं" म्हणून रडायचं? तप कर्मनिर्जरेसाठी असतं, ब्लाउज सैल व्हावा म्हणून नाही.

वजन जरूर उतरवा, पण वर्षभर, सावकाश. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. अनशनापाठोपाठ ऊणोदरीही सांगितली आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी. तिची कुणी वरघोडा काढून मिरवणूक करत नाही, म्हणूनच ती अवघड!