मास्तरले कोण शिकवणार?

मित्रांनो, सरळ बोलतो. मी मालधक्क्यावर पोती उचलतो. 2018 ला मॅट्रिक झालो आणि वॅगनच्या तोंडाशी उभा राहिलो. शिक्षणावर लिहायचा अधिकार याला कोणी दिला, असं कोणी विचारेल. विचारा. ज्याच्या पाठीवर पोतं असते त्यालाच वजन कळते.

2020 साल. टाळेबंदी लागली. धान्याच्या वॅगनी थांबल्या नाहीत, म्हणून आम्हीही थांबलो नाही. शाळा तेवढ्या थांबल्या. सरकार म्हणालं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. कुठं आहे? फोनमध्ये आहे. आमच्या घरी फोन एकच. तो माझ्या खिशात आणि मी धक्क्यावर. म्हणजे माझ्या सातवीतल्या बहिणीची शाळा रोज सकाळी माझ्या खिशात बसून कामावर जायची, घामानं भिजायची आणि रात्री घरी यायची. मी झोपलो की ती माझ्या उशाशी बसून सकाळचा पाठ उघडायची. तोवर डाटा संपलेला.

एक दिवस तिच्या बाई वस्तीत आल्या. तोंडाला रुमाल, हातात फोन, वय पन्नाशीच्या पुढचं. मला वाटलं, गैरहजेरीची तक्रार आली. बाई हळूच म्हणाल्या, "बेटा, मले हे लिंक पाठवणं जमत नाही. घरी पोराले विचारलं तर तो खेकसते. तू दाखवशील काय?"

झाडाखाली उभ्या उभ्या वीस मिनिटांत दाखवलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं, एक, दोन, तीन करत. अक्षर काय सुंदर! त्या दिवशी मला कळलं, ताटावर बसलेले पोट्टे तर उपाशी होतेच, पण वाढणारीच्या हातात पळी कोणी दिली नव्हती.

बहीण 2024 ला दहावीच्या गणितात अडकली. अजून अडकलेलीच आहे. कोणाला जाब विचारू? त्या बाईंना? माझी जीभ झडेल.

आता हिशेब ऐका. 2017-18 च्या सरकारी नमुना पाहणीतच आलं होतं की देशातल्या 100 घरांपैकी फक्त 24 घरांत इंटरनेट आहे. खेड्यात तर 15. हे आकडे दिल्लीच्या टेबलावर होते, तरी शाळा फोनमध्ये टाकली. ऑगस्ट 2021 मध्ये 15 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन अभ्यासकांनी विचारलं. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांपैकी नियमित ऑनलाइन शिकत होते 100 त 4. बाकीच्यांचे 15. गावकुसाबाहेरची ओळ आता हवेत पण आखली गेली, मित्रांनो. दिसत नाही एवढंच.

आणि शिक्षकाचं काय केलं? 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला. 'तंत्रस्नेही शिक्षक' असा शब्द निघाला. म्हणजे जो तंत्रस्नेही नाही तो आपोआप तंत्राचा वैरी! 2017 ला 'दीक्षा' आलं, बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, 10 लाख डॉलरचा. अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटली. माणसाचं मन मोठं. पण व्यवस्थेचं मन पाहा. एकाच्या गळ्यात हार घातला आणि बाकी लाखोंना ऐकवलं, 'त्याला जमते, तुम्हाला का नाही?' अरे, एका हमालानं दोन पोती उचलली म्हणून सगळ्या टोळीच्या पाठीवर दोन-दोन टाकता काय?

ऑक्टोबर 2020 मध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण आलं. तेही ऑनलाइन. ऑनलाइन कसं जायचं हे ज्याला येत नाही, त्याला ऑनलाइन बोलावलं! विहिरीत पडलेल्याला पोहणं शिकवायची चिठ्ठी विहिरीच्या काठावर चिकटवून ठेवावी, तसं. मग लोकांनी काय केलं? व्हिडिओ चालू ठेवला आणि भाजी निवडली. प्रमाणपत्र मिळालं. साहेबाचा रकाना भरला.

रकान्याचं पण सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला जुंपायचं नाही. आणि इथं 'सरल' आहे, यू-डायस आहे, पोषण आहाराची रोजची नोंद आहे, आधारचा आकडा आहे. हे सगळं शिक्षणाच्याच नावानं घुसवलं. बाई फोन उघडते ती पोरांसाठी नाही, साहेबासाठी. तिला फोनचा धाक बसला तर नवल काय? ज्या हत्यारानं रोज तिला मारलं, त्याच हत्यारानं तिनं शिकवावं म्हणता!

आता आपल्या घरात येतो. आपलेच काही मित्र सभेत टेबल ठोकतात: 'हे मोबाईल-बिबाईल भांडवलदाराचं जाळं आहे, फेकून द्या.' टाळ्या पडतात. आणि टाळ्यांचा व्हिडिओ हेच मित्र रात्री मोबाईलवरच टाकतात! छापखाना काय आपल्या आज्यानं काढला होता? तरी बाबासाहेबांनी 1920 ला 'मूकनायक' काढलाच ना? यंत्राला जात नसते. यंत्र कोणाच्या हाती ठेवायचं, हे ठरवणाऱ्याला असते. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांत भिंतीएवढा पडदा आणि आपल्या महापालिकेच्या शाळेत 'मोबाईल वाईट' हे व्याख्यान. वा रे क्रांती!

याच नागपुरात जाईबाई चौधरी होऊन गेल्या. ओझी वाहणारी हमाल बाई. एका मिशनरी बाईनं बोलावून त्यांना शिक्षिका केलं. अस्पृश्य म्हणून ती नोकरी टिकू दिली नाही, तर 1922 ला त्यांनी स्वतः मुलींची चोखामेळा शाळा काढली. हमाल शिक्षिका होऊ शकते, कोणीतरी जवळ बसून शिकवलं तर. जवळ बसून! तिला कोणी लिंक पाठवली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं. इंदोरा, रामबाग, इमामवाडा, ठक्करग्राम, लष्करीबाग, जिथं जिथं आपले पोट्टे महापालिकेच्या शाळेत बसतात, तिथं आपल्यातल्या दोघा-तिघांनी शनिवारी शाळा सुटल्यावर जावं. भाषण द्यायला नाही. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला. आधी विचारायचं, 'बाई, सोमवारी कोणता धडा आहे?' त्या धड्यापुरतंच दाखवायचं. दीक्षावरचा पाठ घरी उतरवून ठेवला की वर्गात नेट नसलं तरी चालतो, हे कितीकांना कोणी सांगितलंच नाही. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. मराठीत बोललं तर फोन मराठीत लिहून देतो. पोरांनी वस्तीतल्या नालीचा फोटो काढावा, लांबी मोजावी, गणित करावं, आणि तोच कागद झोन ऑफिसात द्यावा. फोन बाईंच्या हातात राहिला पाहिजे. आपण ओढून घेऊन चटाचटा करून दिलं, तर आपणही साहेबच झालो.

कोणी म्हणेल, सरकारचं काम आपण फुकट कायले करायचं? बरोबर प्रश्न आहे. फुकट करायचं नाही, हिशेब ठेवून करायचं. कोणत्या शाळेत नेट नाही, कोणत्या शाळेतला संगणक खोक्यातच आहे, कोणती बाई स्वतःच्या पगारातून डाटा भरते, हे सगळं वहीत उतरवायचं आणि महापालिकेच्या दारात न्यायचं. मागणी तीन ओळींची: डाटाचे पैसे शाळेनं द्यावेत, प्रशिक्षण वर्गातच, माणसानं माणसाजवळ बसून द्यावं, रकाने भरायला वेगळा कारकून नेमावा.

हे झालं नाही तर काय होईल तेही सांगतो. महापालिकेच्या कितीतरी मराठी शाळा आधीच बंद पडल्या. उद्या कोणी म्हणेल, 'शिक्षक जुनाट आहेत, पडदा लावा, शाळा बंद करा.' आता तर एआयचा ढोल वाजूनच राहिला. आपल्या वस्तीतला शेवटचा मास्तर गेला, की पडद्यासमोर आपलं पोरगं एकटं उरेल. पडदा कधी घरी येऊन विचारत नाही, 'बेटा, दोन दिवस दिसला नाहीस?'

बाई आली होती. रुमाल बांधून, चालत, आमच्या दारात. तिनं मला 'बेटा' म्हणून विचारलं, त्यात तिची मान खाली गेली नाही. खाली गेली ती तिला तिथवर आणणाऱ्यांची.

या शनिवारी मी जाऊन राहिलो. धक्क्यावरून सुटलो की तसाच, अंगावर पोत्याची धूळ घेऊन. तुम्ही येता काय?

जय भीम!