मामाची गाडी आणि माझे भाषण

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले. विषय होता, 'जुन्या मोटारी मोडीत काढल्याच पाहिजेत.' मी विषयाच्या बाजूने बोलले. धूर, इंधन, अपघात आणि रस्त्यावरची गर्दी असे चार मुद्दे मांडून झाले आणि अजून अर्धा मिनिट उरला होता. टाळ्यांच्या मोहाने मी पाचवा मुद्दा काढला. म्हटले, "माझ्या मामाकडे 1996 सालची मर्सिडीज आहे. आठवड्यातले सहा दिवस ती कापडाखाली असते आणि सातव्या दिवशी मामा तिच्याखाली असतो! असे लोक मोटार चालवत नाहीत, मोठेपणा चालवतात."

सभागृह हसले. तिसऱ्या रांगेत मामा बसला होता, तोही हसला. त्याच मोटारीतून त्याने मला घरी सोडले आणि उतरताना एवढेच म्हणाला, "छान बोललीस." त्याने रागावून दोन शब्द सुनावले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. तेव्हा वाचकहो, हे माझ्याच भाषणाला मी दिलेले उत्तर आहे. परीक्षकांनी बक्षीस परत मागू नये, एवढीच विनंती.

प्रथम मामाविषयी थोडे. मर्सिडीज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखानदार किंवा सिनेनट येतो. मामा यांपैकी कोणी नाही. मर्सिडीज-बेन्झची भारतातली कंपनी 1994 साली निघाली आणि 1995 पासून पिंपरीला, टेल्कोच्या आवारात, तिच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. ई-क्लासचे ते मॉडेल जाणकारांत 'डब्ल्यू 124' म्हणून ओळखले जाते. सुटे भाग जर्मनीहून पेट्यांतून येत आणि पुण्याचे कामगार ते जोडीत. त्या कामगारांत मामा होता. त्याच्याकडे दारे बसवण्याचे काम होते. दार लोटल्यावर कसा आवाज आला पाहिजे हे तो आजही तोंडाने करून दाखवतो.

त्या मोटारीत बसायचे त्याला तेव्हा स्वप्नही पडले नसेल. परंतु श्रीमंती मोटारींचे एक अजब असते. नवेपणी त्या जितक्या महाग, तितक्याच वेगाने त्यांची किंमत उतरते. 2013 साली मामाने एका डॉक्टरांकडून ही मोटार घेतली, ती नव्या छोट्या मोटारीहून कमी पैशांत. मामीने त्या वर्षी सोफासेट घ्यायचे ठरवले होते. सोफासेट अजून आलेला नाही. अर्थात मोटारीची किंमत उतरते तशी सुट्या भागांची उतरत नाही. स्वस्तात मिळालेल्या मर्सिडीजसारखी महाग वस्तू नाही, असे हे मोटारवालेच हसत हसत सांगतात. आणि तरीही ती सोडत नाहीत! हे का होते, हा माझा प्रश्न आहे.

पहिले उत्तर मी भाषणात दिलेलेच: मोठेपणा. ते मला आता खोटे वाटते, आणि पुरावा मामाच्या घरातच आहे. या मोटारीच्या बॉनेटवर जो तीन टोकांचा तारा असतो, तो चोरीला जाईल या भीतीने मामाने काढून कपाटात, बँकेच्या पासबुकांशेजारी ठेवला आहे. आपल्याकडे या ताऱ्याची ओळख जुनी. टेल्को आणि डाइमलर-बेन्झ यांच्या 1954 च्या करारानंतर 1969 पर्यंत तो मालमोटारींच्या नाकावर मिरवत होता. ज्याला मोठेपणा मिरवायचा तो माणूस तारा कपाटात ठेवून मोटार चालवील काय? मान्य आहे, लग्नकार्याला जाताना तो तारा बाहेर निघतो. परंतु लग्नाला जाताना आपण सगळेच काही ना काही कपाटातून काढतो.

दुसरे उत्तर मजबुतीचे. ते खोटे नाही. ग्रीसमधील थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिडिस यांची 1976 सालची मर्सिडीज 240 डी 46 लाख किलोमीटर धावली. 2004 साली ती कंपनीच्या संग्रहालयाला देण्यात आली. इथून चंद्रावर सहा वेळा जाऊन परत यावे, एवढे हे अंतर! मोरोक्कोत तर याच जातीच्या मोटारी वर्षानुवर्षे गावोगावच्या टॅक्सी होत्या. पुढे चालकाशेजारी दोन आणि मागे चार असे सहा उतारू घेऊन त्या धावत. आपल्या वडापवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही, पण जर्मन अभियंत्यांना वाटले असेल.

तरीही मजबुतीने विश्वास बसतो. माया जडतेच असे नाही. आमच्या घरचा पाटा मामाच्या मोटारीहून जुना आणि मजबूत आहे. त्याला दर रविवारी कोणी पुसत बसलेले मी पाहिलेले नाही.

मग माया कशाने जडते? याचे उत्तर मला स्पर्धेनंतर दोन आठवड्यांनी, एका रविवारी मिळाले. उंदरांनी बॉनेटखालची एक वायर कुरतडली होती आणि मामाला बॅटरी धरायला माणूस हवा होता. भाषणाचे प्रायश्चित्त म्हणून मी गेले. मामाने बॉनेट उघडले, एक खटका दाबला आणि ते भिंतीसारखे सरळ उभे राहिले. मी विचारले, "हे इतकं वर का जातं?"

"काम करणाऱ्याला वाकायला लागू नये, उजेड पडावा म्हणून. अगं, ज्यानं ही बनवली त्याला ठाऊक होतं की हिला पुढं कुणीतरी उघडणार."

वायर सापडायला दीड तास लागला आणि जोडायला दहा मिनिटे. त्या दीड तासात मामाने मला एक-एक भाग दाखवला. समोरच्या काचेला या मोटारीत एकच वायपर आहे. तो नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांब होतो आणि मधे आखडतो. त्यामुळे काचेचा 86 टक्के भाग पुसला जातो. हे सांगताना त्याचा चेहरा, आपले सर एखाद्या चांगल्या ओळीचा अर्थ उलगडताना दिसतो तसा दिसत होता. मला एकदम जाणवले, की मामा ही मोटार बाळगत नाही, वाचतो. आणि वाचता यावी अशीच ती लिहिलेली आहे.

माझे मत असे झाले आहे, की या जुन्या जर्मन मोटारींवर त्यांचे मालक जीव लावतात, कारण त्या मालकाला आणि मिस्त्रीला आत येऊ देतात. वस्तू करणाऱ्याने ती दुरुस्त होणार हे गृहीत धरलेले असते. घेणाऱ्यासाठी आत जागा राखलेली असते. ज्या वस्तूसाठी आपण काही करू शकतो तिच्यावरच आपली माया बसते. जी वस्तू आपल्याकडून पैशांखेरीज काहीच मागत नाही, ती बिघडली की आपण निर्धास्तपणे टाकून देतो.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आठवा. कार्ल बेन्झ यांनी 1886 साली आपल्या मोटारीचे पेटंट घेतले, पण ती घेऊन दूर जायचे धाडस त्यांच्या पत्नीने केले. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर गेल्या. इंधन संपले तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. म्हणजे मोटार आणि दुरुस्ती या बहिणी पहिल्या दिवसापासून एकत्रच निघालेल्या आहेत. आणि पहिली मिस्त्री एक बाई होती, हे आमच्या मामीला मी मुद्दाम सांगितले. ती म्हणाली, "टोपीची पिन होती म्हणून बरं. इथं माझे चिमटे जातात!"

आणखी एक गोष्ट मामाकडून कळली. ब्रूनो साको हे गृहस्थ 1975 ते 1999 या काळात मर्सिडीजच्या मोटारींच्या रूपरेखेचे प्रमुख होते. 2024 साली ते वारले. त्यांचे एक तत्त्व असे, की नवे मॉडेल आले म्हणून आधीचे जुनाट दिसता कामा नये. विचार करा, ज्याला नवे विकायचे आहे तो जुन्याची अब्रू सांभाळतो आहे! आज बाजाराचा सारा आटापिटा याच्या उलट चाललेला असतो. माझा अडीच वर्षांचा मोबाईल बंद पडला तेव्हा दुकानातल्या मुलाने तो उघडलासुद्धा नाही. "ताई, नवाच घ्या," म्हणाला. मी घेतला. जुन्याची मला एकदाही आठवण झाली नाही. दोष माझा म्हणावा की मोबाईलचा? मला वाटते, आमची ओळखच कधी झाली नव्हती.

धीर धरायला लावणे हाही या ओळखीचा एक भाग असावा. जुन्या डिझेल मोटारी किल्ली फिरवताच सुरू होत नसत. आतली तार तापेपर्यंत थांबावे लागे. जर्मन लोक त्या थांबण्याला गमतीने 'रुडॉल्फ डिझेल स्मृती-मिनिट' म्हणत. ज्याने इंजिन दिले त्याची रोज सकाळी आठवण काढल्याखेरीज कामावर जायचे नाही! आपल्याला आज जेवढे थांबावे लागते तेवढा आपला संताप होतो. त्यांनी थांबण्याची थट्टा केली आणि ती लाडकी करून ठेवली.

आता माझ्या पहिल्या चार मुद्द्यांचे काय? ते मी मागे घेत नाही. मामाच्या मोटारीहून आजची साधी मोटारही स्वच्छ धूर सोडते आणि कमी पेट्रोल पिते. प्रेम आहे म्हणून धूर कमी होत नाही. शेजारच्या आजोबांना दम्याचा त्रास असेल तर त्यांनी मामाच्या जिव्हाळ्याचा विचार का करावा? शहरातल्या प्रत्येकाने तीस वर्षांची मोटार रोज रस्त्यावर आणली तर श्वास घेणे कठीण होईल. जुन्याच्या प्रेमात पडलेली माणसे या प्रश्नाला बगल देतात, ते मला पटत नाही.

परंतु मोडीत काढणे किंवा मोकाट सोडणे, असे दोनच रस्ते आहेत काय? खुद्द जर्मनीत 1997 पासून तिसरा रस्ता आहे. तीस वर्षे झालेली मोटार मूळ स्वरूपात, नीट राखलेली असेल आणि तपासणीत उतरली, तर तिच्या क्रमांकाच्या पाटीवर 'एच' हे अक्षर येते. तिचा कर वेगळा आणि मान वेगळा. तिला तंत्रज्ञानाचा सांस्कृतिक ठेवा मानतात. जुन्या मोटारींना मज्जाव असलेल्या भागांतही तिला जाता येते. आपल्याकडे 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मामाची मोटार त्यामुळे ना नव्यांत, ना मानकऱ्यांत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिने तपासणीला उभे राहायचे आणि पर्यावरण कर भरायचा. हे योग्यच आहे, असे मामाही म्हणतो. मी म्हणते, तपासणी कडक करा, पण वय हा गुन्हा मानू नका. जी वस्तू कोणी मनापासून राखली आहे आणि जी कोणी नुसती ओढत नेली आहे, त्यांत फरक करणारी नजर कायद्याला हवी.

आणि याहून मोठी मागणी नव्या वस्तूंकडे करायला हवी. ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले. हा हक्क केवळ पैसे वाचवण्यापुरता आहे असे मला वाटत नाही. जुन्या मोटारीतल्या ज्या गुणावर मामा जीव टाकतो, तो धूर नव्हे आणि तारा नव्हे. ते सरळ उभे राहणारे बॉनेट आहे. तेवढे एक नव्या मोटारीत, मोबाईलमध्ये, पंख्यात आणि मिक्सरमध्ये आले, तर जुन्यासाठी इतके झुरण्याची पाळी कोणावर येणार नाही.

हे सारे लिहिण्याचे एक कारण अजून सांगितलेले नाही. नोंदणी नव्याने करण्याची पुढची वेळ जवळ आली आहे. मागच्या महिन्यात एक भंगारवाला येऊन मोटार बघून गेला. मामाने मला बाजूला घेऊन विचारले, "तुझं भाषण मी घरी येऊन नीट आठवलं. धुराचं पटलं गं मला. देऊन टाकू का?" टाळ्यांसाठी फेकलेल्या वाक्यांखाली एक माणूस वर्षभर विचार करत बसला होता. मला उत्तर देता आले नाही. स्पर्धेत मात्र अर्धा मिनिट उरला तरी मी बोलू शकले होते.

उत्तर आज देते. मामा, मोटार भंगारात देऊ नकोस. तपासणीत उतरली तर ठेव, नाही उतरली तर दुरुस्त करून पुन्हा ने. रोजच्या कामाला बस आणि तुझी स्कूटर आहे. हिला महिन्यातून एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आण. माझा पाचवा मुद्दा मी या अंकातून, सर्वांदेखत, मागे घेत आहे. पहिल्या चारांवर आपण रविवारी बोलू. बॅटरी मी धरीन.