पाठ केलेली ध्येये

दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्या घराघरांतून आणखी एक पदार्थ वाढला जातो. चिवडा, शंकरपाळे, करंजी आणि चौथा हा प्रश्न: "काय रे, यंदा दहावी ना? मग पुढे काय व्हायचं ठरवलंयस?" काका विचारतात, मावशी विचारते, खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेबही विचारतात. पोराच्या तोंडात लाडू असतो. तो घाईघाईने गिळून पोर उत्तर देते, "इंजिनिअर." मंडळी माना डोलावतात. लाडू घशाखाली उतरला की नाही, याची कोणी चौकशी करीत नाही, आणि उत्तर कोठून वर आले, याचीही नाही.

शाळेत मुलांना मराठी शिकवणे हा माझा उद्योग. स्वतः मी मॅट्रिकच्या पलीकडे कॉलेजची पायरी चढलेलो नाही. त्यामुळे माझ्या बोलण्याला विद्वत्तेचा आधार नाही हे आधीच सांगून टाकतो. परंतु वर्षानुवर्षे 'माझे ध्येय' या विषयावरचे निबंध ज्याने तपासले, त्याला एक अधिकार आपोआप मिळतो. कोणते वाक्य मुलाचे आणि कोणते गाइडातले, हे त्याला वासावरून कळते. त्या अधिकाराने मी एक विधान करतो, मग कोणाला ते झोंबो अथवा न झोंबो: आपल्या मुलांची ध्येये त्यांची नाहीत. ती पाठ केलेली आहेत, आणि पाठ करवून घेणारे आपण आहोत.

खोटे वाटत असेल तर आमच्या वारज्यात जूनमध्ये या. निकाल लागले की मंडळामंडळांचे गुणगौरव समारंभ सुरू होतात. मांडव, ध्वनिक्षेपक, शाल, श्रीफळ, पाहुण्यांच्या फोटोचा भलामोठा फलक. एकेका गुणवंताला पुढे बोलावून विचारतात, पुढे काय करणार ते सांग. मग सुरू होते ध्येयांची आवर्तने. मुलगी म्हणते, डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करीन. मुलगा म्हणतो, कलेक्टर होऊन देशाची सेवा करीन. तिसरा म्हणतो, संगणक अभियंता होऊन आईवडिलांचे नाव उज्ज्वल करीन. सेवेवाचून कोणाला चैन पडत नाही! इतके सेवाभावी नागरिक दरसाल या एका उपनगरात निपजत असतील, तर सरकारी दवाखान्याच्या रांगेत म्हाताऱ्यांना तासन् तास उभे का राहावे लागते, हे एक गूढच म्हटले पाहिजे.

वर्गात मी कधीकधी एक साधा प्रश्न पुढे ढकलून पाहतो.

"कलेक्टर व्हायचंय ना? बरं. कलेक्टर दिवसभर काय करतो रे?"

"सर, लाल दिव्याच्या गाडीतून फिरतो."

लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभरातल्या साहेबांच्या गाड्यांवरून उतरला. मुलाच्या डोक्यावर तो अजून गरगरतो आहे. त्याला जमिनीचे दप्तर ठाऊक नाही, पंचनामा ठाऊक नाही, पुराच्या रात्री जागणे ठाऊक नाही. ठाऊक आहे तो दिवा. आणि यात त्या पोराचा काडीचा दोष नाही. आपण त्याला दिवाच दाखवला.

आता या वारज्याकडेच पाहा. मुठेच्या काठचे हे शेतीवाडीचे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. मुंबई-बंगळूर महामार्ग त्याला चिरीत गेला. जेथे ज्वारी डोलत होती तेथे आज बारा-बारा मजले उभे आहेत. जुन्या घरांतले आजोबा एकराचा हिशेब सांगतात आणि नातू चौरस फुटांचा. भोवतीच्या वस्त्यांत मराठवाड्यातून, सोलापुराकडून पोट घेऊन आलेली माणसे राहतात: कोणी गवंडी, कोणी रिक्षावाला, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी. या सर्वांची पोरे एका बाकावर बसतात आणि एकच निबंध लिहितात. बाप रोज उठून ज्या कामाला जातो, त्या कामाचा त्या निबंधात उल्लेखही नसतो. असलाच तर तो लाजेचा: "माझ्या वडिलांसारखे कष्ट मला करावे लागू नयेत."

या वाक्यात लेकराची माया आहे, हे मी जाणतो. परंतु त्यात विषही आहे. बाप ज्या हातांनी बाराव्या मजल्यापर्यंत वीज नेतो, त्या हातांची किंमत लेकराच्या लेखी शून्य झाली, आणि ती शून्य करण्यात पहिला हात बापाचाच. "शीक, नाहीतर माझ्यासारखा वायरमन होशील," हे वाक्य आमच्या वस्तीत रोज ऐकू येते. बाबांनो, लिफ्ट बंद पडली की याच वायरमनची वाट पाहत सारी सोसायटी जिन्यात खोळंबते! औंधला सरकारी आयटीआय आहे. तेथे जाणे म्हणजे हरणे, असे आपण ठरवून टाकले आहे. ज्याला यंत्र उघडून पाहिल्याशिवाय झोप येत नाही, असा मुलगा तेथे शोभला असता. आपण त्याला टक्क्यांच्या शर्यतीत पळवतो, तो मागे पडतो, आणि मग तेथेच जातो. फरक एवढाच की ताठ मानेने जाण्याऐवजी मान खाली घालून जातो.

दुसरी गंमत पाहा. वारज्याच्या आसपास काय नाही? आमच्या गावातच पाणी शुद्ध करणारे जलकेंद्र आहे. थोड्या अंतरावर खडकवासल्याचे धरण आहे. विश्वेश्वरय्यांनी शोधून काढलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली याच धरणावर बसले, आणि हे विश्वेश्वरय्या स्थापत्यविद्या शिकले ती पुण्यातच. धरणाजवळ पाण्याच्या प्रवाहावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिचा आरंभ १९१६ सालचा. शिवणे-उत्तमनगरच्या रस्त्याने पुढे गेले की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तेथून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी मुलांच्या खांद्याला खांदा लावून बाहेर पडली. माझ्या वर्गातल्या मुली ज्या रस्त्याने मावशीकडे जातात, त्याच रस्त्यावर ही घटना घडली. पण नळाला येणारे पाणी कोण स्वच्छ करतो, असे विचारले तर मुले म्हणतात, "महापालिका." जणू महापालिका नावाची कोणी बाई चाळणी घेऊन बसली आहे! जे हाकेच्या अंतरावर आहे ते मुलांनी पाहिलेले नाही, आणि जे पाहिलेलेच नाही ते होण्याची इच्छा त्यांना कोठून सुचावी? म्हणून ती महामार्गावरच्या फलकांतून ध्येय उचलतात. फलक कोणाचे? क्लासवाल्यांचे. हसऱ्या चेहऱ्यांची रांग, प्रत्येकाखाली गुणांचा आकडा. नापास झालेल्यांचा फलक अजून कोणी लावलेला मी पाहिला नाही.

आणि हा व्यापार केवढा आहे! वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २०२४ साली सुमारे २३ लाख मुले बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच अधिक. म्हणजे वीस-एकवीस जणांत एक. उरलेल्या वीस जणांनी गोरगरिबांची सेवा कशी करायची, हे त्यांना कोणीच शिकवलेले नसते. अकरावी-बारावीचे कॉलेज तर आता नावापुरते उरले आहे. नाव एका कॉलेजात, हजेरी कागदावर, देह मात्र दिवसभर क्लासात. 'इंटिग्रेटेड' असे त्याला भारदस्त नाव आहे. वयाची सोळा-सतरा ही दोन वर्षे, ज्यांत माणसाने वाचावे, भटकावे, नाटकात काम करावे, मित्रांशी भांडावे, ती दोन वर्षे चार पर्यायांतला एक गोळा काळा करण्यात जातात. बाप त्यासाठी गावाकडचे वावर विकतो. वावर परत येत नाही, आणि ती दोन वर्षेही येत नाहीत.

येथे एखादा सज्जन वाचक म्हणेल, "गुरुजी, हे सारे ठीक आहे. पण गरिबाच्या पोराजवळ मोठ्या स्वप्नावाचून दुसरी शिडी कोणती? तीही तुम्ही काढून घेणार?"

आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला बगल देण्याचा माझा विचार नाही. शिडी हवीच. पण ती भिंतीला टेकलेली आहे की हवेत, हे पाहाल की नाही? श्रीमंताचे पोर पडले तर खाली गादी असते. बाप दुसरे कॉलेज घेऊन देतो, परदेशी धाडतो. गरिबाचे पोर पडते ते फरशीवर. मार्च २०२१ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली, तेव्हा पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर हजारो तरुण उतरले. कोण होते ते? खेड्यापाड्यांतून आलेली, खोलीत पाच-पाच जण राहून, एका वेळच्या मेसवर दिवस काढणारी पोरे. त्यांची चिकाटी पाहून मान लवते. पण त्यांतल्या कित्येकांना विशीच्या आत 'साहेब हो' एवढेच सांगितले गेले होते. साहेब न झालास तर काय, हे वाक्य कोणीच उच्चारले नव्हते. तयार ध्येयाने सर्वांत जास्त लूट होते ती गरिबाचीच. म्हणून त्याच्या पोराला तर स्वतःचे, पारखून घेतलेले ध्येय अधिक हवे.

पारखणे म्हणजे काय, याचा नमुना आपल्याच इतिहासात आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी बोलायला उभी राहिली. वय अठराच्या आत. नाव आनंदीबाई जोशी. वैद्यक शिकायला अमेरिकेत का जाते, हे ती सांगत होती. लोकांनी तिला प्रश्नांनी भंडावले होते, आणि ते प्रश्नच तिने व्याख्यानात एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटी का? जातीबाहेर टाकतील त्याचे काय? संकट आले तर? आणि कोणा बाईने आजवर न केलेले तू का करतेस? प्रत्येक प्रश्नाला तिने उत्तर दिले. त्या उत्तरांत आयुष्य होते. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांचे मूल तिने गमावले होते. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे तिला कोणत्या गाइडात वाचावे लागले नाही. मुळात तिला शिकवण्याचा हट्ट नवऱ्याचा, गोपाळरावांचा, हे खरेच आहे. परंतु हट्ट दुसऱ्याचा असला तरी कारण तिने आपले केले. १८८६ साली फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारली. तिला बावीस वर्षेही पुरी मिळाली नाहीत. आज डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मागे ती उभी आहे. मात्र आपण त्या मुलीला सेरामपूरचा एकही प्रश्न विचारीत नाही. 'डॉक्टर' म्हटले की टाळी!

दुसरे उदाहरण तर आमच्या शेजारचे. वारज्याला लागून कर्वेनगर आहे, पूर्वीचे हिंगणे. धोंडो केशव कर्वे मुरूडहून डोंगर तुडवीत साताऱ्याला परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. पुढे ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. हिंगण्यात झोपडी उभी राहिली १९०० साली. महिला विद्यापीठ १९१६ साली. समजा पंधराव्या वर्षी त्यांना शाल-श्रीफळ देऊन कोणी विचारले असते, तर 'विधवांचा आश्रम काढीन' असे ते म्हणाले असते काय? ध्येय माणसाला वाटेत भेटते. त्यासाठी आधी वाट चालावी लागते. आज त्याच कर्वेनगरात मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज दिमाखात उभे आहे, आणि जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी राज्य सरकारने माफ केली आहे. फार चांगले झाले. पण आता पैशाची सबब सरल्यावर आमच्या मुलींना काय ऐकावे लागते? "जवळचं कॉलेज बघ, दोन बसा बदलायच्या नाहीत." तिचे ध्येय पीएमपीच्या मार्गावरून ठरते! ज्या महाराष्ट्राची एक लेक १८८३ साली एकटी समुद्र ओलांडून गेली, तेथे आज शिवाजीनगर दूर वाटते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. 'माझे ध्येय' हा निबंध शाळांनी बंद करावा. त्याजागी 'मी पाहिलेले एक काम' हा विषय द्यावा. मुलाने जलकेंद्रात जावे, कोर्टात बसावे, गॅरेजात जावे, दवाखान्यातल्या परिचारिकेच्या मागे दिवसभर हिंडावे आणि मग लिहावे. गुणगौरवाच्या मांडवात नव्वदवाल्याशेजारी पन्नासवाल्यालाही खुर्ची द्यावी, विशेषतः तो कमावून शिकत असेल तर. शिक्षकांनी आणि पालकांनी 'काय होणार' हे विचारणे सोडून 'का' विचारावे, आणि 'जमले नाही तर काय' हेही प्रेमाने विचारावे.

आणि "मला अजून ठाऊक नाही" असे एखादे मूल म्हणाले, तर त्याला बावळट समजू नये. साऱ्या मांडवात खरे बोललेले कदाचित ते एकटेच असेल.