कोंबडीला भरपाई, मजुराला काय?

18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू असल्याचं सरकारनं जाहीर केलं. भारतातला हा पहिला उद्रेक. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, त्याच नवापूरमध्ये रोग परत आला. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान, चिकनचे पडलेले भाव, अंड्यांचा उठाव यावर रकानेच्या रकाने छापून आले. पण या आदिवासीबहुल तालुक्यातल्या शेडमध्ये खाद्य टाकणाऱ्या, विष्ठा उपसणाऱ्या, मेलेली कोंबडी पायाला धरून बाहेर काढणाऱ्या मजुराचं काय झालं, हे शोधायला जा. हाती फार काही लागत नाही.

सरकारी उपाययोजनेचा क्रम नीट पाहा. शेडमध्ये अचानक मर वाढते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. अहवाल आला की एक किलोमीटर परिघातले पक्षी मारायला पथक येतं, अंगात पीपीई किट घालून. पण अहवाल येण्याआधीच्या दिवसांत मेलेल्या कोंबड्या कोण उचलतं? शेडवरचा मजूर. म्हणजे विषाणूशी पहिली गाठ पडते ती मजुराची, आणि संरक्षण पोहोचतं सगळ्यात शेवटी.

मागच्या वर्षी अशाच एका शेडवर राबणाऱ्या तरुणाशी बोलत होते. बायकापोरांसह तो शेडला लागूनच्या खोलीत राहतो. तोंडाला रुमाल, पायात चपला, हातमोजे नाहीत. "मर लागली तर काय करता?" असं विचारलं, तर म्हणाला, "ताई, पोत्यात भरतो आन् खड्ड्यात टाकतो." ताप आला तर मालकाला सांगतोस का? तो हसला. सांगितलं तर उद्यापासून दुसरा माणूस येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काही जण म्हणतील, उगाच भीती पसरवू नका. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी खायला धोका नाही, हे मी वस्तीत स्वतः सांगते. हा रोग माणसाकडून माणसाला सहजी लागत नाही, हेही खरं. पण शेडमधली गोष्ट वेगळी आहे. विषाणू पक्ष्याच्या लाळेत आणि विष्ठेत असतो, धुळीबरोबर डोळ्यांत आणि नाकात जातो. आपल्या देशात 2021 मध्ये हरियाणातला एक मुलगा आणि 2025 मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी या रोगानं दगावली. अमेरिकेत 2024 पासून सुमारे 70 माणसांना लागण झाली. त्यातले बहुतेक डेअरी आणि पोल्ट्रीवरचे कामगार. जुलै 2024 मध्ये तिथल्या कोलोरॅडो राज्यात कोंबड्या मारायच्या कामावरच्या मजुरांना लागण झाली, तेव्हा शेडमध्ये 40 अंशांच्या वर उष्मा होता आणि मोठमोठ्या पंख्यांच्या वाऱ्यात मास्क-चष्मे जागेवर राहत नव्हते. म्हणजे नुसतं किट हातात देऊन भागत नाही. आपल्या उन्हाळ्यात तर लहान पाळ्या, पाणी आणि विश्रांती यांशिवाय ते किट अंगावर टिकणारच नाही.

मेलेलं जनावर ओढणं हे काम या देशात जातीनं वाटून दिलं होतं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृतमांस सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी त्या कामामागची लाचारी ओळखली होती. आज वेठ नाही, रोजंदारी आहे. पण घाण आणि धोका कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न फारसा बदललेला नाही. शेडवर आदिवासी आहेत, दलित आहेत, बाहेरच्या राज्यांतून आलेले भूमिहीन आहेत.

आता हिशेब पाहा. सरकारनं मारलेल्या कोंबडीला भरपाई मिळते. केंद्र आणि राज्य ती निम्मी-निम्मी उचलतात. नष्ट केलेल्या अंड्यांना दर आहे, खाद्यालाही आहे. शेड बंद पडल्यावर बुडालेली मजुरी मात्र त्या यादीत नाही. पोल्ट्रीवाला शेतकरीही अनेकदा कंपनीच्या कराराखाली दबलेला असतो, हे मान्य. पण पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं असेल, तर मजुराच्या संरक्षणाचा खर्चही कंपनीनंच उचलला पाहिजे.

कायद्यात एक दार आहे, ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत हवं. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. जनावरं किंवा त्यांची मृत शरीरं हाताळण्याच्या कामातून होणारे संसर्गजन्य रोग त्यात स्पष्ट नोंदलेले होते. 2025 मध्ये त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही नोंद आहे. शेडवरचा रोजंदार या कायद्यात बसतो का, यावर मालकाचा वकील वाद घालणारच. पण त्याआधीच दावा कोसळतो, कारण तो माणूस तिथं कामाला होता याचा कागदच नसतो.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक शेडवर हजेरीपट असावा. मर वाढली त्याच दिवशी, अहवालाची वाट न पाहता, एन-95 मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट मिळावेत. संपर्कात आलेल्या मजुरावर दहा दिवस आरोग्य खात्यानं लक्ष ठेवावं; ताप, खोकला किंवा डोळे लाल होणं दिसताच तपासणी आणि औषध मिळावं, कारण हे औषध पहिल्या दोन दिवसांतच नीट काम करतं. त्या दिवसांची मजुरी भरपाईच्या यादीत यावी. मजुरी बुडणार असेल तर कोणी ताप सांगणार नाही, आणि ताप लपला तर धोका साऱ्या गावाला आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांचा दिवस, खाणकामगारांसाठी कल्याण निधी ही त्या काळातली कामं. त्यांची जयंती आपण दणक्यात साजरी करतो. या वर्षी मिरवणुकीच्या वर्गणीतला एक दिवस बाजूला काढू या. आपल्या तालुक्यात पोल्ट्री शेड किती, त्यावर माणसं किती आणि हजेरीपट किती ठिकाणी आहे, एवढं तरी वहीत उतरवू. ती वही घेऊन तहसीलदारासमोर उभं राहिलो, तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.