समोरून येणारे घोडे

घोडदळाच्या हल्ल्याचं चित्र म्हटलं की बहुधा बाजूने पाहिलेलं दृश्य असतं. घोडे डावीकडून उजवीकडे धावताहेत आणि आपण बांधावर उभे राहून शर्यत बघतो आहोत! एलिझाबेथ थॉम्प्सन ऊर्फ लेडी बटलर हिने १८८१ साली 'स्कॉटलंड फॉरएव्हर!' रंगवताना आपली ही सोयच काढून घेतली. १८ जून १८१५ला वॉटर्लूच्या रणांगणावर 'स्कॉट्स ग्रेज' या रेजिमेंटने केलेला हा हल्ला. करड्या-पांढऱ्या घोड्यांची आडवी रांग थेट आपल्या अंगावर येते. विस्फारलेल्या नाकपुड्या, उघडे जबडे, हवेतले खूर, मागे लाल डगल्यातले स्वार आणि उपसलेल्या तलवारी. क्षितिज इतकं खाली की घोड्यांच्या छाताडांखेरीज नजरेला थारा नाही.

आणि शत्रू? चित्रात तो जवळजवळ नाहीच. कारण त्याच्या जागी आपण उभे आहोत.

म्हणूनच या चित्राला नुसतं पराक्रमाचं चित्र म्हणणं मला पटत नाही. आपण कधीच युद्धाच्या गौरवासाठी चित्रं काढली नाहीत, असं बाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यावर पूर्ण विश्वास बसत नाही हेही खरं, कारण शीर्षकातच गर्जना आहे. पण त्या लष्करी सरावात धावत्या घोड्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि तिथे अंगावर आलेला काटा चित्रात उतरलाय. शौर्य स्वारांचं, भीती मात्र पाहणाऱ्याची.

जाणकार म्हणतात, असा भरधाव हल्ला झालाच नाही. जमीन खडबडीत होती, शिवाय आपल्याच पायदळातून वाट काढायची होती. मान्य. पण मला खटकतं ते वेगळंच. त्या दिवशी या स्वारांनी फ्रेंचांचा गरुडध्वज जिंकला खरा, पण मग लगाम न आवरता ते थेट तोफांपर्यंत घुसले. दमलेल्या घोड्यांवरून परतताना फ्रेंच भालेकऱ्यांनी त्यांना कापून काढलं. बाईंनी त्या आधीचा क्षण निवडला, जेव्हा सगळे घोडे अजून ताजेतवाने आहेत. हा परिणाम बघितल्यावर चित्र पुन्हा बघवत नाही. तरी बघतोच म्हणा!

मूळ चित्र लीड्सच्या आर्ट गॅलरीत आहे, जवळजवळ दोन मीटर रुंद. माझ्याकडे वीतभर छापील प्रत आहे. तीसुद्धा मी जरा लांब धरूनच बघतो.