नाडीची फाइल ठेवा



छातीत धडधडते, तरी आपली माणसे तशीच कामाला जातात. काही घरांत अजून उतारा निघतो. तो आपला मार्ग नव्हे.

हृदय स्वतःच्या विजेवर चालते. ती विस्कटली की वरचे कप्पे नुसते थरथरतात. तिथे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. नेदरलँड्समधील डॉ. अलेसी व सहकाऱ्यांनी शेळ्यांमध्ये ही थरथर यंत्राने चालू ठेवून विजेच्या नोंदी घेतल्या. ते संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झाले. आधी काही सेकंदांत थांबणारी थरथर पुढे दिवसभरही थांबेना. लय सुधारल्यावर विजेतला बदल आठवड्याभरात ओसरला. म्हणजे दुखणे अंगावर काढावे तितके ते मुरते.

म्हणून जालना जिल्ह्यातील विहारांत येत्या पौर्णिमेला ज्येष्ठांची नाडी पूर्ण एक मिनिट पाहा. ठोके वेडेवाकडे लागले तर सरकारी दवाखान्यात ईसीजी काढा. तो कागद पुसट होतो. झेरॉक्स करून तारीखवार लावा. जुने-नवे कागद शेजारी ठेवले की बिघाड कधीपासूनचा हे डॉक्टरांना समजते. रेशनकार्ड जपतो, तसा हाही कागद जपा.